बैल घावला का?

माझ्या थोरल्या भावानं तंबाखू सोडली, हे वैनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. मला वाटलं, झालं, आण्णाला काहीतरी निघालं. मिसरूड फुटल्यापासून तंबाखू खाणारा माणूस साठीला टेकल्यावर आपणहून सोडतो म्हणजे डॉक्टरनं फोटोबिटो दाखवून दम भरला असणार. "काय निघालं वैनी? खरं सांगा, लपवू नका," मी म्हणाले. तर वैनी फोनवर खळखळून हसायलाच लागली. "आवं ताई, काय निघतंय त्यास्नी, धडधाकट हायत. तुमच्या त्या बैलासाठी सोडली की!"

बैल माझा, पण कागदावरचा. मी लिहीत होते त्या कादंबरीतला.

मी लातूरला मराठी शिकवते. लातुरात मराठी शिकवणं म्हणजे लग्नघरी पाव्हण्यांच्या चपला सांभाळण्यासारखं आहे. कुणीतरी ते करावं लागतं, पण विचारत कुणी नाही. पोरांना डॉक्टर व्हायचंय, आईबापांना पोरांना डॉक्टर करायचंय, आणि जीवशास्त्राच्या सरांना कायम माझा तास हवा असतो. अशा ठिकाणी पन्नाशीच्या तोंडावर मी कादंबरी लिहायला घेतली. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरमधून डोकं वर न काढता "लिही की" म्हणाला. आमच्याकडे याला प्रोत्साहन म्हणतात.

गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्याचा वानेरा बैल, म्हणजे अंगानं पांढराशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा, उदगीरच्या बाजारात बिथरतो, दावं तोडून पळतो आणि हरवतो. म्हातारा त्याला शोधायला पायी निघतो. देवणी मागं पडते, पुढच्या गावांत लोकांच्या बोलण्यात कानडी मिसळायला लागते, आणि त्याच्याही पुढं मराठी कुणाला कळेनाशी होते. म्हातारा चालतोच आहे. बस्स, एवढीच.

माझं माहेर देवणीकडचं. तिथं गोऱ्हा जन्मला की माणसं पेढे घेऊन बघायला येतात. पण मी लहानपणीच शिकायला लातूरला मावशीकडे आलेली, मला बैलातलं डोंबल कळत होतं. म्हणून पहिली तीन प्रकरणं घेऊन दिवाळीत आण्णाकडे गेले. आण्णा सातवी शिकलेला. मी शिकावं म्हणून त्यानं शाळा सोडली वगैरे काही भानगड नाही. त्याला शाळाच आवडत नव्हती, आणि तसं तो स्वतःच चारचौघांत सांगतो. त्याची दुपार शेतातल्या आखाड्यावर जाते. आखाडा म्हणजे आमच्याकडचा शेतातला गोठा, जोडीला एक खोली आणि पुढं कडुलिंबाची सावली. तिथं मी खाटेवर बसून वाचायला लागले. तो तळहातावर तंबाखू मळत ऐकत होता.

एका वाक्यावर त्यानं हात वर केला. "थांब. बैल कसा उटला म्हणालीस?"

"पुढच्या पायांवर जोर देऊन."

"आगं, ते घोडं झालं! बैल आदी मागनं उटतो."

"आण्णा, काय फरक पडतोय त्यानं? वाचणाऱ्याला कुठं कळणार आहे?"

यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बाई म्हणून माझी पंचवीस वर्षांची नोकरी वाया गेली असं मला वाटलं. हातातली तंबाखू झटकून तो सरळ खाटेवरून खाली उतरला, सारवलेल्या जमिनीवर अंग टाकून बसला, हात मुडपून घेतले, आणि मग बैल उठतो तसा उठला. आधी मागचं अंग वर, पुढून अजून गुडघ्यावर, घटकाभर तसाच थांबून मग एक-एक करून पुढचे पाय. वैनी पदर तोंडात कोंबून हसत होती. "आता तू कर," तो म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. दिवाळीच्या नव्या साडीत मी त्या जमिनीवर दोनदा बैल झाले, आणि दुसऱ्यांदा उठताना मला कळलं की गुडघ्यावरच्या त्या थांबण्यात बैल दम घेतो. ते वाक्य मी तिथंच बसून पुन्हा लिहिलं. माझ्या सगळ्या लिखाणात ते मला अजूनही बरं वाटतं.

त्यानंतर दर रविवारी दुपारी फोन. आण्णा कडबा कापायचं मशीन बंद करायचा, फोन स्पीकरवर टाकून दावणीवर ठेवायचा, आणि मी आठवड्याभरात लिहिलेलं वाचायचे. चुका काढायचा, पण कौतुक कधी केलं नाही. फार आवडलं तर म्हणायचा, "हाव, आसंच आसतंय."

दीडशे पानं झाल्यावर मी एक शहाणपणा केला. मोठ्या शहरातल्या एका संपादकाला ती पाठवली. महिनाभरानं त्यांचा फोन आला. भला माणूस, आदरानं बोलला, आणि तेच जास्त लागलं. खवट असता तर मी त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. म्हणाले, "भाषा छान आहे मॅडम. पण बैल शोधण्यात इतकी पानं? आजच्या वाचकाला याच्याशी काय देणंघेणं?"

मी "हो सर, बरोबर आहे सर" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मी माझीच पानं काढून वाचायला बसले, आणि काय सांगू, एकेक ओळ मला नाटकी दिसायला लागली. खरंच, कोण गं तू? मावशीच्या घरी पंख्याखाली वाढलेली, पगारी बाई. तू काय म्हाताऱ्याच्या पायाच्या भेगा सांगणार? लिहायला बसलं की दोन ओळी व्हायच्या आणि त्या मी खोडायचे. मग खोडण्याचाही कंटाळा आला. सातव्या प्रकरणात म्हातारा एका कानडी गावात पारावर टेकला होता, त्याची बोली कुणाला कळत नव्हती. तिथंच त्याला सोडून मी सगळ्या वह्या कपाटात साड्यांच्या खाली ढकलल्या.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा जेवताना सांगून टाकलं. "आण्णा, बंद केलं मी ते. जमत नाही मला. उगं लष्कराच्या भाकरी."

मला वाटलं, तो काहीतरी बोलेल. रागावेल, निदान "कामून?" म्हणून विचारेल. त्यानं ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि पायात वहाणा सरकवून बाहेर निघून गेला. मला भयंकर राग आला. एवढे रविवार ऐकलंस, आणि एक शब्द नाही? मी त्याच दुपारी एसटी धरून परत आले.

पुढचा रविवार आला आणि फोन वाजला. "बैल घावला का?"

"आण्णा, मी बंद केलंय म्हणून सांगितलं ना?"

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी परत, "बैल घावला का?" "नाही." "बरं." असं दोन-अडीच महिने. नवरा हसायचा, म्हणायचा, पोलीस ठाण्यातसुद्धा एवढी चौकशी होत नाही. एका रविवारी माझं डोकं सटकलं. "आण्णा, बैलबिल काही नाहीये! मी मनानं रचलाय तो. नसलेला बैल घावणार कसा?"

तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. पर म्हातारा पारावर बसलाय नव्हं? त्याला उटव तरी. तिथं त्याचं कोण हाय?"

मी फोन आपटला. आणि मग तासभर मला त्या म्हाताऱ्याचीच काळजी लागून राहिली, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

तर अशात वैनीचा तो फोन आला. संक्रांतीच्या दिवसापासून आण्णानं तंबाखूला हात लावला नव्हता. त्या दुपारी जेवण होताच तो तडक गावातल्या मारुतीला गेला होता. वैनी पाठोपाठ पोचली तर हा देवासमोर उभा राहून काहीतरी पुटपुटतोय. घरी येऊन त्यानं खिशातली पुडी चुलीत टाकली. "नवस बोललेत," वैनी म्हणाली. "इचारलं तर सांगत न्हाईत, फिटल्याबिगर नवस बोलून दाखवू न्हाई म्हणत्यात, फळत न्हाई म्हणं. पर मला काय कळत न्हाई व्हय? दर ऐतवारी तुमाला काय इचारत्यात ते ऐकते की मी. त्यो बैल घरी आल्याबिगर तंबाखू खायचे न्हाईत ते."

मला आधी हसू फुटलं. मग हसू कुठं गेलं कळलं नाही. या माणसाची तंबाखू सोडवायला आईनं शपथा घातल्या होत्या, लेकीनं अबोला धरला होता, वैनीनं तर दोनदा माहेरची बॅग भरली होती. हा हलला नव्हता. आणि माझ्या वहीतल्या बैलासाठी?

"म्हणून तर फोन केला ताई," वैनी आवाज बारीक करून म्हणाली. "तुमच्या पाया पडते. तुमी काय बी करा, पर त्यो बैल घावू देऊ नका. लिवणं बंद केलंय नव्हं? बंदच ऱ्हाऊ द्या. बैल घरी आला की ह्यांची पुडी परत सुरू व्हतीय."

बघा आता. कादंबरी अर्धी सोडायला इतकं पवित्र कारण जगात कुठल्या लेखिकेला मिळालं नसेल. लिहिलं नाही तर भावाचं आयुष्य वाढतंय! मी वैनीला शब्द दिला. चांगले पंधरा दिवस मी त्या शब्दाच्या आड सुखानं लपून बसले. कुणी विचारलं, काय मॅडम, कादंबरी कुठवर आली, तर गालात हसायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले आणि आण्णाला पाहिलं. गालफडं बसली होती. तोंडात सारखं काहीतरी चघळायला हवं म्हणून कडब्याचं चिपाड धरलेलं. हात मोकळे राहिले की आपोआप एक अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासायला लागायचा आणि ध्यानात आलं की तो हात मांडीखाली घालून बसायचा. जन्मात बैलावर न ओरडलेला माणूस बैलावर खेकसला आणि मग त्याच्याच मानेला खाजवत उभा राहिला. मी विचारलं, "लई त्रास होतोय का?" तर म्हणे, "हुतोय की. व्हायलाच पायजे. आरामात फिटला तर त्यो नवस कसला?" तक्रार नाही, कुरकुर नाही. मला फार लाज वाटली. दीडशे पानांवर एक माणूस नाक मुरडतो म्हणून मी वह्या कोंबून ठेवल्या होत्या, आणि हा रोज सकाळी उठून नव्यानं तंबाखू सोडत होता.

वाचकाला काय देणंघेणं, म्हणे! हे बघा देणंघेणं, तोंडात चिपाड धरून बसलंय. वैनीला दिलेला शब्द मी मनातल्या मनात मोडला आणि लातूरला येऊन वह्या बाहेर काढल्या.

म्हातारा काही लगेच उठला नाही. शाळेआधी पहाटेचे दोन तास मी बसायचे आणि भिकार लिहायचे. आषाढात एकदा गावी गेले तेव्हा आण्णा सोयाबीनमध्ये तण काढायला बैलांमागं कोळपं चालवत होता. मी बांधावर उभी राहून रडगाणं लावलं, की अजून किती राहिलंय ते बघितलं की हातपाय गळतात. तो कोळपं न थांबवता म्हणाला, "मंग बघतीस कामून? पुरं रान मी बी बघत न्हाई. बैलाच्या शिंगातनं म्होरली एक वळ दिसती, तेवढीच बघायची. रान काय पळून जातंय?" हे कुणी व्याख्यानात सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती. पण तो सांगता सांगता पिकाच्या त्या ओळीच्या टोकाला पोचलाही होता आणि वळून माझ्याकडे यायला लागला होता. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त एका पानापुरतं बसायला लागले. भिकार तर भिकार, पण पान भरल्याशिवाय चहा नाही. श्रावणात म्हातारा पारावरून उठला.

खरी पंचाईत शेवटाला आली. म्हाताऱ्याला बैल सापडला. एका कानडी बाईच्या शेतात, दुसऱ्या बैलाच्या जोडीला, अंगानं भरलेला. बाईनं तो बाजारात रीतसर विकत घेतलेला. म्हाताऱ्याला बघून बैल उठतो, जवळ येतो, हात चाटतो, आणि मग जाऊन आपल्या नव्या जोडीदाराशेजारी उभा राहतो. मला आतून ठाऊक होतं की म्हातारा त्याला तिथंच ठेवून एकटा परत जाणार. पण मग आण्णाचं काय? बैल घरी आला नाही तर नवस कधीच फिटणार नाही. मी माझ्या हातानं माझ्या भावाला जन्माची शिक्षा लिहिणार होते. वैनीला आनंद होईल, हो. पण आण्णाचा तो मांडीखाली दाबलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मी तीनदा बैल घरी आणला. एकदा म्हातारा बाईला विनवतो, एकदा बाईच दिलदार होऊन दावं सोडून देते, एकदा बैल आपणच मागं मागं येतो. तिन्ही वेळा ती पानं लाकडासारखी झाली. तो घरी येणारा बैल माझा नव्हताच, कुठल्यातरी कॅलेंडरवरचा होता. शेवटी मी म्हणाले, आण्णा, मला माफ कर. मारुतीराया, तूही कर. आणि म्हाताऱ्याला एकट्याला परत पाठवलं.

वर्ष फिरून पुन्हा दिवाळी आली होती. मी वही घेऊन आखाड्यावर गेले. शेवटचं प्रकरण वाचताना मी मान वर करायचं धाडस करत नव्हते. संपलं. वैनी म्हणाली, "म्हंजे, बैल घरी आलाच न्हाई?" तिचा चेहरा एकदम उजळला. "न्हाईच आला! बरं झालं बाई!"

आण्णा टॉवेलनं डोळे पुसत होता. "नीट केलंस," तो म्हणाला. "म्हातारा शाना निघाला. आणला आसता तर मी तुला बोललो आसतो." मग उठला, अंग झटकलं. "नारळ काढ गं एक. मारुतीला जायचंय."

"कशाला?" वैनी दचकली.

"नवस फेडायला."

"आवं, पर बैल कुटं आलाय घरी?"

"बैलाचा काय संबंध?" आण्णा खरंच गोंधळला. "कुणी सांगितलं तुला बैलाचा नवस हाय म्हणून?"

वैनीनं नारळ काढून दिला. तिघं देवळात गेलो. गुरवानं नारळ हातात घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "कशाचा नवस फेडायलाव?" आता बोलायला हरकत नव्हती. आण्णानं टोपी काढली, माझ्याकडे बोट केलं आणि देवाकडे बघत म्हणाला, "आमच्या बाईनं हातात घेतलेलं काम अर्ध्यात टाकलं व्हतं. ते तिच्या हातनं पुरं व्हावं म्हणून बोललो व्हतो. झालं पुरं."

मी तिथंच रडले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, गुरवासमोर. मला वाटत होतं या माणसाचा जीव बैलात अडकलाय. त्या संक्रांतीला जेवताना मी जे बोलले होते, त्यातला एक शब्दही त्यानं खाली पडू दिला नव्हता, आणि मी त्याच्यावर रागावून एसटी धरली होती. असा भाऊ असण्याची माझी लायकी नव्हती. हे मी त्याला तिथंच रडत रडत सांगितलंही. तर तो म्हणे, "आगं, नारळ फोडू दे त्याला."

नारळ फुटला. पायरीवर येताच आण्णानं गुरवाकडे चिमूटभर तंबाखू मागितली. वैनी "आवं, आवं" करेपर्यंत ती त्याच्या ओठाखाली गेलीही. पण नऊ-दहा महिन्यांचं कोरडं तोंड. त्याला अशी चक्कर आली की खांबाला धरून मटकन खालीच बसला, घामानं डबडबला, सगळी थुंकून टाकली. वैनीनं एका हातानं त्याला पाणी पाजलं आणि दुसरा हात नाचवत आम्हा दोघा भावाबहिणींचा पार उद्धार केला. बहीण कागद काळे करतीय, भाऊ तोंड काळं करतोय, म्हणाली. आम्ही मुकाट ऐकून घेतलं.

ती पाणी आणायला परत आत गेली तेव्हा मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. "आण्णा, आणि मी लिहिलंच नसतं तर?"

त्यानं चूळ भरून लांब टाकली.

"तर काय," तो म्हणाला. "मेलो आसतो तसाच, बिनतंबाखूचा."